ड्युटीवरचा फोटो स्टेटसला ठेवला आणि कारणे दाखवा नोटीस आली

रातपाळी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. या आयडीने मी इथे आजवर फक्त पाककृती वाचल्या, खाली एखाददुसरा प्रतिसाद दिला. स्वतःचं काही लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात [वार काढला आहे, खालचे प्रतिसाद पाहा] रातपाळीला आमच्यातल्या एका सिस्टरचा वाढदिवस होता. बाराला केक कापला. वॉर्ड शांत होता, सलाईन सगळ्या नीट चालू होत्या, डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत. पाच मिनिटांत आटोपलं. एक फोटो काढला. आम्ही चौघी, केक, मागे नर्सिंग स्टेशनची भिंत. मी तो व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवला, 'आमचं दुसरं घर' असं लिहून. सकाळी हँडओव्हर दिला, घरी येऊन झोपले.

दुपारी इन्चार्ज सिस्टरांचा फोन. "आधी स्टेटसवरून तो फोटो काढ, मग बोलू." मला वाटलं, वॉर्डात केक कापला म्हणून ओरडणार. मग त्यांनी तोच फोटो मोठा करून मला परत पाठवला. माझ्या डाव्या खांद्यामागे पांढरा बोर्ड. त्यावर खाट, नाव, आडनाव, निदान, कुठलं इंजेक्शन किती वाजता. अक्षर माझंच. संध्याकाळी आल्याआल्या मीच तो पुसून नव्याने लिहिला होता. [खाट क्रमांक काढला आहे] समोरची ओळ अगदी स्वच्छ वाचता येत होती. ते निदान मी इथे लिहीत नाही. घरातही सगळ्यांना सांगितलं जात नाही, असं ते होतं.

माझ्या यादीतल्या कोणीतरी स्क्रीनशॉट काढला आणि तो फिरत फिरत त्या खाटेवरच्या बाईंच्या गावच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ साहेबांच्या केबिनमध्ये उभा होता.

मला नोटीस मिळाली, तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. नोटिशीत असं आहे की मी गणवेशात, शासकीय इमारतीत काढलेला फोटो वैयक्तिक समाजमाध्यमावर टाकून शासनाची प्रतिमा मलिन केली. सगळी नोटीस चार वेळा वाचली. त्या बाईंचा त्यात एका शब्दाने उल्लेख नाही.

विचारायचं ते असं. खुलाशात काय लिहू? माझा स्टेटस फक्त माझ्या ओळखीच्यांना दिसतो, तो खासगी धरत नाहीत का? आणि मला त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागायची आहे. जाऊ का? झोप लागत नाहीये.

---

पिंपळपार

ताई, वाचून पोटात कालवलं. धीर धरा. इथे आस्थापनेचे नियम जाणणारे लोक आहेत, सांगतील. मी वाचतोय.

---

जुनी_फाईल

रातपाळी, मी मंत्रालयातून निवृत्त झालो, आस्थापना शाखेत बरीच वर्षं गेली. जेवढं ठाम माहीत आहे तेवढंच सांगतो.

मूळ नियम महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. ते लिहिले गेले तेव्हा फेसबुक सोडा, घरोघरी टेलिफोनही नव्हता. वर्तमानपत्रात लिहिणं, आकाशवाणीवर बोलणं एवढंच डोळ्यासमोर होतं. म्हणून २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांसाठी वेगळा शासन निर्णय काढला. तो नुसत्या मंत्रालयाला नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका, मंडळं, महामंडळं, कंत्राटी आणि बाह्यस्रोताने घेतलेले कर्मचारी सगळे त्यात येतात. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवू नका, असं त्यात आहे. वैयक्तिक खात्यावर प्रोफाइल फोटो सोडून पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी वाहन किंवा इमारत दिसेल असे फोटो आणि रील टाकू नयेत, हेही आहे. मोडलं तर शिस्त व अपील नियमांखाली कारवाई. तुमची नोटीस याच गणवेश-इमारतीच्या कलमावर बेतलेली दिसते.

आता खुलासा. 'अनवधानाने घडले' या दोन शब्दांवर सगळं सोडून देऊ नका. असे शेकड्यांनी खुलासे माझ्या टेबलावरून गेले, ते कोणी धड वाचतही नाही. घटना जशी घडली तशी क्रमाने, वेळेसह लिहा. फोटो कधी टाकला, कधी कळलं, कधी काढला. फोटो आपण टाकला हे मान्य करा. आणि नोटिशीत नसली तरी रुग्णाची माहिती दिसली ही गोष्ट स्वतःहून लिहा. अर्थात नाव न लिहिता, कारण तो कागद पाच टेबलांवर फिरणार आहे. पोचपावती घ्या. तीन दिवस अपुरे वाटले तर मुदतवाढीचा अर्ज आजच द्या, उद्या नको.

शिक्षा ठपक्यापासून सुरू होते. पहिल्याच चुकीवर, स्वतः कबूल केलेल्या, फार वर जाऊ नये असं मला वाटतं. पण हे माझं मत झालं.

---

खाकी_डबलबेल

मी एसटीत वाहक. गणवेशाच्या कलमाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या घरात मी पहिला पगारदार माणूस. बिल्ला लावून, तिकिटाचं मशीन गळ्यात घालून आईबरोबर काढलेला फोटो मी टाकला तर कोणाची प्रतिमा मलिन झाली? गाडीत कोणी प्रवासी नाही, डेपोत उभा आहे. अभिमानाने टाकला होता. काढायला लावला.

---

जुनी_फाईल

डबलबेल, तोच फोटो प्रोफाइलला लावा. प्रोफाइल फोटोला सूट आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

बेलापूर_लोकल

मला हे सगळं मुळातच पटत नाही. पालघरच्या मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर कलम ६६अ रद्द झालं ना? मग सोशल मीडियावर काय लिहायचं हे अजून सरकार कसं ठरवतं? नोकरी आठ तासांची. त्यानंतरचा मोबाइल माझा, डेटापॅक माझा, मत माझं. सरकारी नोकर मतदानही करतो ना?

---

खडू_डस्टर

बेलापूर, तुमच्याशी अर्धी सहमत आहे. अर्धी नाही, ते का ते सांगते. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका.

आमच्याकडे गंमत नाही, छळ आहे. एकीकडे परिपत्रक येतं, मुलांचे फोटो टाकू नका. दुसरीकडे केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या) ग्रुपवर दुपारी दोनला मेसेज, 'आजच्या उपक्रमाचे फोटो चारपर्यंत पाठवा, लिंक भरा, न पाठवणाऱ्या शाळांची नावं वर कळवली जातील.' वृक्षारोपण झालं, फोटो. गणवेशवाटप, फोटो. जंतनाशक गोळी, फोटो, आणि गोळी तोंडात टाकतानाचाच हवा. पोरगी रडत असते, मी एका हाताने तिचं डोकं धरलेलं आणि दुसऱ्या हातात मोबाइल. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगते. तो फोटो ग्रुपवरून कुणाच्या फेसबुकवर जातो, तिथून स्थानिक बातमीच्या चॅनेलवर. त्या पोरीच्या आईबापांना कोणी विचारलंय? ज्याला फुकट बूट मिळाले तो मुलगा बूट हातात धरून, खाली मान घालून उभा आहे, हा फोटो तो मोठा झाल्यावरही नेटवर असणार.

आणि हीच मी जेव्हा पावसाळ्यात वर्गाच्या छताचा फोटो टाकला, खाली बादली ठेवलेली, एकही मूल फोटोत नाही, तेव्हा संध्याकाळच्या आत काढायला लावला. दुरुस्तीचे तीन अर्ज त्याआधी दिलेले होते, जावक क्रमांकासकट.

म्हणजे पोरांचे चेहरे गेले तर चालतं, गळकं छत गेलं तर प्रतिमा मलिन. रातपाळीताईंच्या नोटिशीतही तेच झालंय. कुणाचं काय उघड्यावर आलं, हे त्यात कोणी पाहिलेलंच नाही.

---

आडवाटेने

खडू_डस्टर, शब्दाशब्दाला अनुमोदन. मी अंगणवाडीच्या कामात होते, फोटोंचं हेच.

---

कोर्टकचेरी

बेलापूर, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. ते फौजदारी कलम होतं, पोलीस अटक करायचे. इथे प्रश्न सेवानियमांचा आहे. तुरुंग नाही, पण नोकरीवर गदा येऊ शकते. दोन्हींचे रस्ते वेगळे.

तरीही सरकारी नोकर झाला म्हणजे घटनेचं कलम १९, म्हणजे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, दारातच ठेवून आला, असंही नाही. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना कुठलंही निदर्शन करायला सरसकट बंदी घालणारा नियम त्या मर्यादेपर्यंत अवैध ठरवला. आणि जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने एका महिला कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सरकारी नोकरालाही अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे असं स्पष्ट म्हटलं. निवृत्ती अगदी तोंडावर असताना त्यांच्यावर कारवाई सुरू झाली होती आणि त्यात एक फेसबुक पोस्टही होती. न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. तेव्हा मतं मांडण्याची लढाई लढण्यासारखी आहे. ती लढा.

पण रातपाळींचं प्रकरण मताचं नाहीच. त्यांनी कसलंही मत मांडलेलं नाही. इथे दुसऱ्याच माणसाचा हक्क आहे. निदान लिहिलं नाहीत हे बरं केलंत, मीही विचारत नाही. सर्वसाधारण सांगतो. गर्भपातासंबंधीच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५अ आलं. ज्या स्त्रीचा गर्भपात झाला तिचं नाव व तपशील नोंदणीकृत डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगायचे नाहीत. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एचआयव्हीबद्दल २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यातही संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. असे कायदे करावे लागले, कारण ही माहिती बाहेर गेली की माणसाला घर सोडावं लागतं, सोयरीक मोडते.

'स्टेटस खासगी' हा बचाव घेऊ नका. तीनशे जणांना दिसतं ते खासगी म्हणून टिकणं कठीण. आणि खुलाशात तो घेतलात तर असं दिसेल की तुम्हाला अजूनही चूक कळलेली नाही. तुमची पोस्ट वाचून मला तसं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा, त्याच खुलाशात. येणारा-जाणारा वाचू शकेल अशा भिंतीवर नाव आणि निदान एकाच ओळीत लिहायची पद्धत कोणाची? त्या बाईंची ओळ तुमच्या फोटोआधीही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती.

---

ताळेबंद

खासगी क्षेत्रातलं थोडक्यात. मी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत अकाउंट्सला. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे (कंपनीतली आतली माहिती वापरून शेअरचे व्यवहार रोखणारे) २०१५ चे नियम आमच्या डोक्यावर असतात. तिमाही निकाल जाहीर होण्याआधी आमच्यातल्या एका पोराने रात्री दोनला कॉफीच्या मगाचा फोटो टाकला, खाली 'दमलो, पण यंदा आकडे बघून जीव सुखावला'. एकही आकडा दिसत नव्हता. तरी त्याला सकाळी बोलावणं आलं, आणि योग्यच आलं. पोरगा चांगला आहे, अजून आमच्यातच आहे. पण लॅपटॉपचा पडदा तर सोडाच, उत्साहसुद्धा माहिती असते, हे मी तेव्हा शिकलो.

---

हडसनकाठ

रातपाळी, मी न्यू जर्सीत नर्स आहे, मूळची मिरजेची. तुमची पोस्ट ब्रेकमध्ये वाचली आणि उभ्या उभ्या घाम फुटला, कारण असा फोटो माझ्याकडूनही निघू शकला असता.

इथे १९९६ चा हिपा कायदा आहे, रुग्णाच्या माहितीबद्दल अतिशय कडक. वॉर्डात कॅमेरा काढला तरी लोक चपापतात. आमच्या युनिटच्या बोर्डावर पूर्ण नाव आणि निदान शेजारी शेजारी कधीच नसतं. पहिल्या आठवड्यात शिकवलं ते इतकंच होतं: फोटो काढण्याआधी मागे वळून भिंत बघ, टेबल बघ, स्क्रीन बघ, आरसा बघ. मग स्वतःकडे बघ.

दुसरी बाजूही सांगते, खडू_डस्टर यांच्या छतासाठी. इथे १९३५ चा एक कामगार कायदा आहे. त्यानुसार खासगी कंपनीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना पगार, पाळ्या, सुरक्षितता याबद्दल एकमेकांशी बोलायचा हक्क आहे, फेसबुकवरसुद्धा. सुपरवायझर त्यात येत नाहीत. कर्मचारी कमी आहेत, एका नर्सकडे इतके रुग्ण, हे आम्ही सहकाऱ्यांसाठी म्हणून उघड बोललो तर त्यावरून काढून टाकता येत नाही. रुग्णाचं नाव मात्र चुकूनही नाही. दोन्ही एकत्र नांदू शकतात, मी रोज नांदताना बघते.

---

खडू_डस्टर

हडसनकाठ, हे आपल्याकडे का नाही? गैरकारभार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ ला केला असं ऐकून होते.

---

कोर्टकचेरी

केला. राष्ट्रपतींची सहीही झाली. लागू मात्र झालेला नाही. म्हणून छताचा फोटो टाकण्याआधी तिन्ही अर्जांच्या प्रती जपा, हेच तुमचं संरक्षण. त्या अर्जांवर काय कारवाई झाली हे गावातला कोणीही माहितीच्या अधिकारात विचारू शकतो. ती माहिती बाहेर आली तर ती तुम्ही 'व्हायरल केली' असं म्हणता येणार नाही.

---

माळावरची | मंगळवार, पहाटे १:१५

रातपाळीताई, दोन गोष्टी. पहिली आत्ताच्या आत्ता करा.

तुम्ही मूळ पोस्टमध्ये वार लिहिलाय आणि खाटेचा नंबर लिहिलाय. तुमच्या आधीच्या प्रतिसादांवरून जिल्हाही कळतो, पाककृतीखाली तुम्ही बाजाराच्या गावाचं नाव लिहिलं होतं. त्या गावातलं कोणी हा धागा वाचलं तर त्याला एक मिनिट लागणार नाही. ताई, इथेही तेच होतंय. संपादन करून काढा. संपादक, त्यांना जमलं नाही तर कृपया तुम्ही काढा.

दुसरी गोष्ट, घरी जाऊन माफी मागण्याची. मी त्या बाजूची आहे. माझ्याबद्दलची एक गोष्ट बारा वर्षांपूर्वी एका दवाखान्यातून बाहेर गेली. फोटोने नाही, तोंडी गेली. जिने सांगितली ती महिनाभराने पेढे घेऊन माझ्या दारात आली, रडली. मनाने चांगली होती, मला दिसत होतं. पण ती अंगणात उभी असताना शेजारच्या दोन्ही घरांची दारं उघडली. ज्यांना तोवर माहीत नव्हतं त्यांनीही विचारलं, दवाखान्यातली बाई तुझ्याकडे कशाला आली होती? ती हलकी होऊन गेली. मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

जाऊ नका. फोन करू नका, नंबर केसपेपरवरून काढावा लागेल आणि तोही तुम्हाला त्यासाठी दिलेला नाही. त्यांनी हाक मारली तर जा.

तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिलं. तिने मला विचारलं नव्हतं.

---

रातपाळी | मंगळवार, पहाटे ५:५०

संपादन केलं. वार, खाट, दोन्ही काढलं. पाककृतीखालचा प्रतिसादही काढायला संपादकांना विपू (निरोप) केली आहे. हात थरथरत होते. इतकं सगळं झाल्यावरही मी तेच केलं.

माळावरची, तुम्हाला काय लिहू. नाही जाणार.

---

पिंपळपार

माळावरची, इतकं आतलं लिहिल्याबद्दल हात जोडतो.

---

बेलापूर_लोकल

मी माझा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचला. मताबद्दल अजूनही तेच म्हणेन. पण 'मोबाइल माझा' हे वाक्य मागे घेतो. फोटोतली भिंत माझी नव्हती, हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

रातपाळी | तीन आठवड्यांनी

अनेकांनी विपूतून विचारलं म्हणून लिहिते.

खुलासा जुनी_फाईल काकांनी सांगितला तसा दिला, वेळेसह, दोन पानी. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की माझ्या फोटोमुळे एका रुग्णाची माहिती उघड झाली, ही माझी खरी चूक आहे आणि नोटिशीत तिचा उल्लेख नाही म्हणून मी स्वतः करते आहे. सोबत वेगळा अर्ज जोडला, बोर्डावर नाव आणि निदान लिहायची पद्धत बंद करावी म्हणून. वॉर्डातल्या नऊ जणींनी सह्या केल्या. दोघींनी नाही केल्या, त्यांचंही मला समजतं. निर्णय अजून यायचा आहे.

अर्जाला उत्तर आलं नाही. पण मेट्रन मॅडम राउंडला आल्या, बोर्डासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि स्वतः डस्टर घेतलं. आता फक्त खाट क्रमांक आणि औषधांच्या वेळा. निदान केसपेपरमध्ये, केसपेपर कपाटात. पहिले दोन दिवस हँडओव्हरला गोंधळ झाला, आता सवय झाली. मोबाइल आम्ही आता ड्युटीला आल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवतो. कोणी सांगितलेलं नाही, आपणहून.

त्या बाई मागच्या आठवड्यात तपासणीला आल्या होत्या. मी ओपीडीत नव्हते, औषधाच्या खिडकीपाशी समोरासमोर आलो. मी थांबले, बोलले नाही. माळावरचींचं वाक्य डोक्यात होतं. त्यांनीच मला बाजूला, जिन्याखाली बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तो फोटो कुठे कुठे गेला, सिस्टर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, माझ्या यादीतल्या प्रत्येकाला मी एकेक करून फोन केला, ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडून पुसून घेतला. त्यापुढे कुठे गेला ते मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली, औषधाची पिशवी घेतली आणि गेल्या.

---

माळावरची

फोन केलेत हे बरं केलंत. तुमच्या यादीतल्या कोणी पुढे कोणाकोणाला पाठवला ते आठवून सांगितलं असेल तर ती नावं एका कागदावर लिहून ठेवा. त्यांनी पुन्हा विचारलं तर निदान तेवढं सांगता येईल.

---

रातपाळी

सहा नावं आहेत. आज लिहून ठेवते.